सायलेन्सर बदलला की जेटही बदला: खानदेशच्या हवेत कार्ब्युरेटरच्या गाडीचे ट्युनिंग

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुळ्यात तोच १० अंशांच्या खाली उतरतो. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, आणि जेट म्हणजे त्यातला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा. कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून जेटिंग, म्हणजे योग्य जेट जुळवण्याचे काम, करू पाहणाऱ्याने सुरुवात या दोन आकड्यांपासून करावी. १० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ११ टक्के विरळ असते, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा प्राणवायू कमी जातो. पेट्रोल मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही, कारण जेटमधून ओढले जाणारे पेट्रोल हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. परिणाम असा की थंडीत बरोबर असलेले मिश्रण मेमध्ये पाच-सहा टक्क्यांनी रिच (पेट्रोल जास्त) होते, आणि मेमध्ये बरोबर बसवलेले मिश्रण थंडीत जवळजवळ तेवढेच लीन (पेट्रोल कमी) होते.

या दोन दोषांची किंमत सारखी नाही. थोडी रिच झालेली गाडी पेट्रोल जास्त पिते, प्लग काळा करते आणि जरा जड वाटते. लीन झालेली गाडी मात्र हेड तापवते, चढावर खणखणते आणि महामार्गावर बराच वेळ पूर्ण रेसमध्ये राहिली तर पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचवते. म्हणून आपल्याकडे जेटिंग थंडीत ठरवावे आणि उन्हाळ्यात फक्त तपासून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक लोक हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत काढतात, आणि दिवाळीनंतर गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली की दोष बॅटरीला देतात.

पुढील सर्व विवेचन फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरच्या आणि कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाल्यावर नव्या गाड्यांत जवळजवळ सर्वत्र फ्युएल इंजेक्शन आले. तिथे जेट नसतात आणि काम वेगळ्या पद्धतीने होते. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या सायलेन्सरचे शास्त्रही निराळे आहे, ते येथे घेतलेले नाही.

कायदा आधी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि धूर यांच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) लागू होते. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची शक्यता आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यांवर रोड रोलर फिरवला आहे.

त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी सायलेन्सर निवडताना कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्यता घेऊन विकलेला पर्यायी सायलेन्सर घ्यावा, किंवा मूळ सायलेन्सरच ठेवून उरलेले काम नीट करावे. आतली जाळी काढलेला, ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाब’ म्हणून विकला जाणारा सायलेन्सर फक्त आवाज देतो. त्यातून ताकद वाढल्याचा भास होतो, कारण मोठा आवाज कानाला वेगासारखा वाटतो. घड्याळ लावून ४० ते ७० किलोमीटर वेगापर्यंतचा वेळ मोजला की फरक बहुधा दिसत नाही, आणि दिसलाच तर तो उलट्या दिशेचा असतो.

सायलेन्सर नेमके काय करतो

‘इंजिनला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. खरे तर इंजिनला अडथळा कधीच नको असतो. त्याला बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग हवा असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट बेंड पाइपमधून (हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीतून) निघते, पाइप जिथे रुंद होतो तिथून ती उलट्या चिन्हाची, म्हणजे दाबाऐवजी ओढ होऊन परत येते, आणि ती नेमक्या वेळी परतली तर दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असताना जळका वायू ओढून काढते आणि ताजे मिश्रण आत खेचायला मदत करते. पाइपची लांबी आणि व्यास यांवर हे कोणत्या आरपीएमला घडेल ते ठरते. पाइप नको तितका रुंद केला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते. चौकाचौकात थांबत जाणाऱ्या किंवा मागे दोन पोती टाकून शेतातून येणाऱ्या माणसाला नेमकी तीच ओढ लागते.

म्हणून १०० ते १५० सीसीच्या गाडीत मूळ बेंड पाइप तसाच ठेवावा आणि फक्त मागचा भाग बदलावा, हेच बहुतेकांसाठी शहाणपणाचे आहे. बीएस-४ च्या काळातील गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बहुधा एक्झॉस्टच्याच नळीत किंवा सायलेन्सरच्या सुरुवातीला असतो. तो काढला की पीयूसीत अडचण येते आणि गाडी कायद्याच्या बाहेर जाते. कन्व्हर्टर ठेवून जेट खूप मोठा केला तर जळायचे राहिलेले पेट्रोल त्याच्यात जळून तो आतून वितळू शकतो, हेही ध्यानात असावे.

अपेक्षा आधीच आवरलेली बरी. चांगला सायलेन्सर आणि नीट जेटिंग मिळून लहान गाडीत ताकद काही टक्क्यांनीच वाढते. खरा लाभ जाणवतो तो गाडीच्या वागणुकीत, म्हणजे रेस दिल्यावर न अडखळता ओढणे, घाटात कमी तापणे आणि थंडीत लवकर सुरू होणे यांत. चाळीसगावहून कन्नड घाट डबल सीट चढताना गिअर सारखा उतरवावा लागतो, एवढीच तक्रार असेल तर पुढचा स्प्रॉकेट एक दात लहान घ्यावा. १४ दातांऐवजी १३ घेतल्यावर मागच्या चाकावरचा जोर सात-आठ टक्क्यांनी वाढतो, आणि एवढी वाढ सायलेन्सर क्वचितच देतो. अर्थात सपाट महामार्गावर इंजिन त्याच वेगाला तेवढेच जास्त फिरेल.

जेट बदलण्याआधीची तपासणी

जेटिंगचे काम बिघडते ते बहुतेक वेळा या टप्प्यावर. इंजिनात दुसराच दोष असताना जेट बदलत बसले की प्रत्येक जेट चुकीचा वाटतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर फिलर गेजने तपासावेत, एअर फिल्टर साफ असावा, प्लग योग्य क्रमांकाचा असावा, आणि टाकीच्या कॉकमधून पेट्रोल मोकळे येत असावे.

गाडी कुठे हवा घेते आहे का, हे सर्वांत महत्त्वाचे. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला इनटेकचा रबरी पाइप आपल्या उन्हात तीन-चार वर्षांत कडक होतो आणि त्याच्या खालच्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही, बारीक भेगा पडतात. रबर हाताने वाकवून आरशात पाहावे. नंतर गाडी चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. याच कामासाठी काही जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे, पाण्याने काम होते.

त्यानंतर कार्ब्युरेटर काढावा. आधी कॉक बंद करून फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल करावा आणि पेट्रोल बाटलीत उतरवावे. मोकळ्या जागेत, जवळ विडी-सिगारेट किंवा चालू शेगडी नसेल अशा ठिकाणी. बाउलचे स्क्रू दिसायला साधे चौफुली असले तरी मिकुनी आणि केहिन या जपानी घराण्यातल्या कार्ब्युरेटरांवर ते जपानी मापाचे असतात, आणि नेहमीचा टोकदार स्क्रू ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही. तो घसरला की डोके गोल होते आणि पुढे पक्कड लावण्याची वेळ येते. जपानी मापाचा ड्रायव्हर फार महाग नसतो; तो घ्यावा, स्क्रूवर आधी हलकासा ठोका द्यावा आणि मग फिरवावे. स्टीलच्या परातीत पांढरे फडके अंथरून सुटे भाग काढल्या क्रमाने मांडावेत. पायलट जेट (कमी रेसवर पेट्रोल देणारा जेट) तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो आणि मातीच्या अंगणात पडला की सापडत नाही.

आता जेट उजेडाकडे धरून पाहावा. छिद्र पूर्ण गोल आणि काठ धारदार दिसायला हवा. आपल्याकडे जेट साफ करायला क्लचच्या वायरची एक तार काढून आत फिरवण्याची रीत आहे. पितळ मऊ असते. तार काही वेळा फिरली की छिद्र मोठे किंवा लंबगोल होते, आणि त्यानंतर जेटवर छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. अशा जेटवरून पुढचा अंदाज बांधण्यापेक्षा मूळ क्रमांकाचा नवा जेट टाकून तिथून सुरुवात करावी. साफसफाई कार्ब क्लीनर आणि दाबाच्या हवेने करावी, पण सीव्ही प्रकारच्या (ज्यात स्लाइड केबलने नव्हे, तर इंजिनच्या ओढीने उचलली जाते अशा) कार्ब्युरेटरमधला रबरी डायफ्राम आधी काढून ठेवावा, नाहीतर क्लीनरने तो फुगतो. डायफ्राम उजेडात ताणून सुईएवढे छिद्र आहे का तेही पाहून घ्यावे. शेवटी फ्लोटची (बाउलमधल्या तरंगत्या भागाची) उंची सर्व्हिस मॅन्युअलच्या मापाप्रमाणे आहे याची खात्री करावी, कारण बाउलमधली पेट्रोलची पातळी चुकली तर सगळेच जेट एकदम चुकल्यासारखे वागतात.

सायलेन्सर बसवताना

जुने नट उन्हापावसाने आणि उष्णतेने जाम झालेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटलेला स्टड काढणे हे या सगळ्या कामापेक्षा मोठे काम आहे. बेंड पाइप हेडपासून सुटला असेल तर तिथले कॉपर पॅकिंग प्रत्येक वेळी नवे घालावे. नवा सायलेन्सर लावताना आधी सर्व नट हाताने बसवावेत, नंतर हेडकडचे अर्धवट, मग मागच्या हँगरचा बोल्ट, आणि शेवटी हेडकडचे पूर्ण आवळावेत. उलट क्रमाने आवळले की पाइपवर ताण राहतो आणि काही महिन्यांत वेल्डिंगला तडा जातो. मग इंजिन चालू करून सांध्याजवळ, चटका बसणार नाही इतक्या अंतरावर हात फिरवावा. फुसफुस जाणवली तर तिथून बाहेरची हवा आत जाऊन रेस सोडल्यावर फटाके वाजणार आणि आपण उगाच पायलट जेटच्या मागे लागणार. अनेक गाड्यांत एक्झॉस्टमध्ये दुय्यम हवा सोडणारा व्हॉल्व्हही असतो. सायलेन्सर मोकळा झाल्यावर त्याच्यामुळे थोडे फटाके वाजू शकतात, आणि तेवढे लीन मिश्रणाचे लक्षण मानू नये.

कोणता जेट कुठे बोलतो

हँडलच्या रबराजवळ आणि त्याच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावून पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण रेस अशा खुणा कराव्यात. जेटचा संबंध गाडीच्या वेगाशी नसून रेस किती उघडली आहे याच्याशी असतो, आणि खुणा केल्याशिवाय चालवणाऱ्याला अर्धी रेस नेमकी कुठे होते हे कळत नाही. आयडलपासून (रेस सोडलेली असताना इंजिन चालते त्या स्थितीपासून) पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत नीडल (रेसबरोबर वर-खाली होणारी सुई), आणि पाऊणच्या पुढे मेन जेट, अशी ढोबळ विभागणी आहे. त्यांच्या सीमा एकमेकांत मिसळलेल्या असतात, म्हणून क्रम पाळावा: आधी मेन, मग पायलट, शेवटी नीडल.

जेटवरच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी बाळगावी. केहिन जेटचा क्रमांक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, तर मिकुनीच्या षटकोनी जेटचा क्रमांक मिनिटाला किती पेट्रोल वाहते ते सांगतो. त्यामुळे केहिनमध्ये ११० वरून ११५ वर गेल्यास छिद्राचे क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढते आणि मिकुनीत तीच उडी साडेचार टक्क्यांची ठरते. मित्राने एका गाडीवर पाच आकडे वाढवले म्हणून आपणही वाढवावेत, हा हिशेब म्हणूनच चालत नाही.

किती वाढवायचे, या प्रश्नाला पेट्रोलनेही नवे उत्तर दिले आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० ला साधारण १३.५ भाग पुरते. जुन्या गाड्यांचे जेट कारखान्यात ठरले तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते किंवा १० टक्क्यांपर्यंत होते. म्हणजे आज पंपावरचे ई-२० भरून चालणारी जुनी गाडी सायलेन्सर न बदलताही चार ते आठ टक्क्यांनी लीन झालेली असते. मेच्या उन्हात हवा विरळ असल्याने ही उणीव झाकली जाते आणि थंडीत ती उघडी पडते. म्हणून मोकळ्या सायलेन्सरसाठी एक-दोन पायऱ्या आणि इथेनॉलसाठी एक, असा अंदाज धरून मूळ क्रमांकाच्या वरचे तीन-चार मेन जेट आधीच आणून ठेवावेत. सुरुवात मोठ्याकडून करावी आणि खाली उतरावे; रिचकडून बरोबरकडे येताना इंजिनला धोका नसतो.

मेन जेट

चाचणीसाठी गावाबाहेरचा, दूरवर दिसणारा मोकळा सरळ रस्ता आणि सकाळची वेळ निवडावी. रावेर-यावलकडचे केळीच्या बागांतले रस्ते यासाठी घेऊ नयेत. ते अरुंद आहेत आणि वळणावर केळीचा ट्रॅक्टर कधी पुढे येईल याचा नेम नसतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये काम केले की पूर्ण रेस देऊनही वेग मर्यादेत राहतो. हेल्मेट, बूट आणि सोबत एक माणूस हवाच.

गाडी पूर्ण तापल्यावर खालच्या आरपीएमपासून पूर्ण रेस द्यावी आणि इंजिन वर चढत असतानाच रेस अगदी थोडी मागे घ्यावी. त्या क्षणी गाडीने उलट जोर पकडला तर मेन जेट लहान आहे. पूर्ण रेसमध्ये इंजिन गुरगुरत, अडखळत चढत असेल आणि मागे काळा धूर दिसत असेल तर जेट मोठा आहे. रेस मागे घेताच वेग किंचित कमी झाला, इतकेच घडले तर आपण जवळ पोहोचलो आहोत.

मग प्लग वाचावा. जुन्या प्लगवर गाडी तापवून घ्यावी, नवा प्लग बसवावा, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर काही सेकंद सलग चालवावे आणि रेस तशीच असताना क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच बंद करावा. गाडी घरंगळत थांबवून प्लग काढावा. आयडलवर चालवत घरी आणलेला प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही. आजच्या शिसेविरहित, इथेनॉलयुक्त पेट्रोलमध्ये जुन्या पुस्तकांतला विटकरी रंग सहसा दिसत नाही, आणि एका फेरीत चिनी मातीचा वरचा भाग पांढराच राहतो. टॉर्च आणि भिंग घेऊन अगदी आत, जिथे चिनी माती धातूत शिरते तिथे पाहावे; तिथे फिकट तपकिरी बारीक कडे दिसले तर ठीक. कडे मुळीच नसेल तर जेट लहान, आणि काजळी निम्म्या उंचीपर्यंत चढली असेल तर मोठा. पांढऱ्या भागावर मिठाच्या कणांसारखे चमकदार किंवा काळे ठिपके दिसले तर पुढची फेरी न मारता मोठा जेट घालावा, कारण ते ठिपके स्फोटक ज्वलनाने पिस्टनवरून उडालेल्या धातूचे असू शकतात.

पायलट जेट आणि स्क्रू

आधी स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो आणि बाहेर फिरवल्यावर मिश्रण लीन होते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्यावर रिच होते. हा फरक न पाहता ‘दीड फेरा बाहेर’ असे सांगणाऱ्याचा सल्ला निम्म्या गाड्यांत उलटा पडतो. बीएस-४ च्या काही गाड्यांत स्क्रूवर सील असते.

इंजिन पूर्ण गरम असताना आयडल थोडे वाढवून स्क्रू हळूहळू फिरवत सर्वांत जास्त आणि स्थिर आरपीएमची जागा शोधावी, मग आयडल पुन्हा खाली आणावे. ती जागा पूर्ण बंद स्क्रूपासून एक ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान सापडली तर पायलट जेट योग्य आहे. पेट्रोलचा स्क्रू तीन फेरे बाहेर काढूनही गाडी मागतच असेल तर पायलट एक क्रमांक मोठा घ्यावा. जवळजवळ पूर्ण बंद केल्यावरच बरी चालत असेल तर लहान. हवेच्या स्क्रूसाठी हेच उलट वाचावे. रेस झटकन सोडल्यावर आरपीएम वरच लटकून राहिले तर मिश्रण लीन आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. आरपीएम आयडलच्याही खाली जाऊन मग वर आले तर मिश्रण रिच आहे. सकाळच्या थंडीत चोक लावूनही किक मारत राहावे लागते ते बहुधा पायलट लहान असल्यामुळे, आणि ही परीक्षा मे महिन्यात घेताच येत नाही.

नीडल

नीडलवर सहसा पाच खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. टॉप गिअरमध्ये ५०-६० च्या स्थिर वेगाने जाताना गाडी बारीक झटके देत असेल तर चोक थोडासा ओढून पाहावा. त्याने गाडी सुधारली तर क्लिप एक खाच खाली न्यावी. चोकने बिघडली तर एक खाच वर. सीव्ही कार्ब्युरेटरच्या अनेक सुयांना एकच खाच असते, तिथे क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचे बारीक वॉशर घालून तेच साधता येते. नीडल हलवल्यावर पायलटचा स्क्रू पुन्हा एकदा जुळवावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही.

फिल्टर काढून टाकू नये

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावण्याची हौस आपल्या भागात महागात पडते. शेतरस्त्यांवरची काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या रस्त्यांवर सरकी-रुईचे तंतू उडत असतात. ते फिल्टरवर चिकटून थर करतात आणि जेटिंग आठवडाभरात बिघडवतात. स्वस्त कोनमधून शिरलेली धूळ रिंग आणि बोअर घासते, आणि गाडी धूर मारू लागली की कमावलेली ताकद त्याच्या दुपटीने जाते. सीव्ही कार्ब्युरेटर तर डब्यातल्या शांत हवेच्या भरवशावर बनलेला असतो. डबा काढला की त्याची स्लाइड नीट उचलत नाही आणि मधल्या रेसवर ओढीत खड्डा पडतो, तो कोणत्याही जेटने भरत नाही. मूळ डबा, मूळ फिल्टर आणि तो कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर साफ करणे, एवढे पुरे. फोमचा फिल्टर असेल तर धुतल्यावर फिल्टर ऑइल लावून पिळूनच बसवावा.

उन्हाळ्यात आणि तोरणमाळला जाताना

थंडीत बसवलेले जेटिंग एप्रिल-मेमध्ये थोडे रिच होणार हे गृहीतच आहे. फार जड वाटले तर मेन जेटला हात न लावता नीडलची क्लिप एक खाच वर घ्यावी आणि ऑक्टोबरात परत खाली आणावी. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच आहे आणि तापीकाठची गावे २०० मीटरच्या आसपास, त्यामुळे वर गेल्यावर गाडी चार-पाच टक्क्यांनी रिच होते आणि किंचित मरगळते. एका दिवसासाठी जेट काढण्याचे कारण नाही. खाली शहाद्याला उतरेपर्यंत ती आपोआप बरी होते. तिथे वर बसून लीन केलेली गाडी तशीच खाली आणली तर मात्र धोका आहे.

भर दुपारी गाडी उन्हात उभी करून थोड्या वेळाने सुरू केल्यास ती अडते, त्याचे कारण बाउलमधले पेट्रोल उकळणे हे असते, जेट नव्हे. कार्ब्युरेटर आणि हेडमधला बॅकेलाइटचा स्पेसर जागेवर आहे का ते पाहावे; सर्व्हिसिंगमध्ये तो काढून फेकलेला अनेकदा आढळतो. पावसाळ्यात गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर ड्रेन स्क्रूने बाउल रिकामा करावा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि बाउलच्या तळाशी पाणी व हिरवट गंज जमतो. जुन्या गाड्यांची ओ-रिंग आणि फ्लोटच्या सुईचे रबरी टोक इथेनॉलने फुगते, तेही वर्षातून एकदा तपासावे.

सर्व झाल्यावर पीयूसी नव्याने करून घ्यावी, जुने प्रमाणपत्र मुदतीत असले तरीही. आयडलवरचा कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर गेला तर पायलटचा स्क्रू रिच राहिला आहे. शेवटी मेन, पायलट, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे आणि तारीख हे सारे कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून साइड पॅनेलच्या आत चिकटवावा, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाज करावा लागणार नाही. मूळ जेट त्याच पिशवीत ठेवावेत आणि मूळ सायलेन्सरला आतून-बाहेरून तेल लावून तो गोणपाटात बांधून माळ्यावर टाकावा, कारण १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओमध्ये गाडी तपासणीला न्यावी लागते.